मीटर खाली आला, कागद कुठे गेला?



पेट पास झालेल्या, पण आरआरसीसमोर नेमका कुठला विषय घेऊन जायचा हे न ठरलेल्या मुलामुलींचे मेसेज मला सारखे येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: "मॅडम, विषय फार साधा वाटतोय, संशोधनासारखा वाटत नाही." म्हणून आज मुद्दाम एक अगदी रुक्ष विषय घेते. ऑफिसातला प्रिंटिंगचा खर्च. यंत्रं कमी करा, कागदपत्रांची वाट सोपी करा, खर्च उतरेल. यात संशोधन ते काय? मलाही आधी तसंच वाटलं होतं. माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या पायलट स्टडीत याच विषयानं मला तोंडघशी पाडलं. ते कसं, ते नीट सांगते, कारण तीच चूक तुम्ही वेगळ्या विषयात करू शकता.

जागा म्हणजे एका शैक्षणिक संस्थेचं प्रशासकीय कार्यालय. दोन मजले, अकरा प्रिंटर. काही टेबलावरचे छोटे लेझर, दोन इंकजेट, आणि एक मोठं झेरॉक्स-स्कॅनसहित मशीन. अकरा प्रिंटरना सात प्रकारची कार्ट्रिज लागायची. कपाटात कार्ट्रिज भरपूर, पण संपलेल्या मशीनचं नेमकं नसायचं. प्रमुखांनी मला सांगितलं, "तुम्ही अभ्यास करताच आहात, तर हा खर्च कमी करून दाखवा." मी विचारलं, "सध्या किती होतो?" यावर तिथे कोणालाच उत्तर देता आलं नाही.

आता असं का होतं ते बघा. प्रिंटर विकत घेतला की तो यंत्रसामग्रीच्या खात्यात जातो. कागद स्टेशनरीत. कार्ट्रिज कधी स्टेशनरीत, कधी संगणक साहित्यात. दुरुस्ती एएमसीत, आणि ऐनवेळचं रिफिल किरकोळ खर्चात. म्हणजे 'प्रिंटिंग' नावाची ओळ हिशोबात कुठेच नसते. ती संशोधकाला स्वतः बांधावी लागते. तुमच्या संशोधनातला चल, म्हणजे व्हेरिएबल, तयार मिळत नाही असं जे पुस्तकात वाचता, ते हेच.

मी दर पानाचा खर्च काढायला बसले. इथे एक गोष्ट माहीत हवी. कार्ट्रिजच्या खोक्यावर '१,६०० पानं' असं लिहिलेलं असतं, ते कोणाच्या पानांवर? एकरंगी लेझर टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ हे मानक आहे. त्यात ठरावीक चाचणी-पान सलग छापून मोजतात, आणि त्या पानावर शाईनं झाकलेला भाग साधारण ५ टक्के असतो. तुमच्या ऑफिसातलं पान तसं असेलच असं नाही. चौकटींनी भरलेला तक्ता, वर काळंभोर बोधचिन्ह, खाली गडद शिक्का असलेलं स्कॅन केलेलं पत्र, यांना कितीतरी जास्त टोनर लागतो. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येणारं पहिलं कार्ट्रिज बऱ्याचदा अर्धवट भरलेलं असतं. तेव्हा खोक्यावरचा आकडा हा तुलनेसाठी धरायचा, बिलासाठी नाही.

हिशोबाची रीत कळावी म्हणून काही आकडे धरून चालू. हे बाजारभाव नाहीत, समजण्यापुरते आहेत. समजा, छोटा प्रिंटर १२,००० रुपयांना, त्याचं कार्ट्रिज ४,००० रुपयांना आणि त्यात १,६०० पानं. म्हणजे टोनरचा खर्च दर पानाला अडीच रुपये. मोठं मशीन ९०,००० रुपयांना, टोनर ६,००० चा आणि त्यात २०,००० पानं. म्हणजे दर पानाला ३० पैसे. फरक २ रुपये २० पैशांचा. मशीनच्या किमतीतला फरक ७८,००० रुपये. तो भरून निघायला साधारण ३५,५०० पानं छापावी लागतील. महिन्याला ३,००० पानं छापणाऱ्या ऑफिसात ते वर्षभरात होईल. महिन्याला ३०० पानं छापणाऱ्या ऑफिसात जवळपास दहा वर्षं लागतील, आणि तोवर मशीन टिकलं तर नशीब. तेव्हा 'मोठं मशीन स्वस्त पडतं' हे वाक्य अपुरं आहे. किती पानांवर, हे विचारल्याशिवाय ते खरंही नाही आणि खोटंही नाही.

पाठपोट छापण्याचंही तसंच. सगळे म्हणतात, दोन्ही बाजूंनी छापलं की खर्च निम्मा. नाही. निम्मा होतो तो कागद, टोनर तेवढाच लागतो. ५०० कागदांचं रिम ३०० रुपयांना धरलं तर एक कागद ६० पैशांना. पाठपोटमुळे दर पानाला वाचतात ३० पैसे. छोट्या प्रिंटरवर त्या पानाचा टोनरच अडीच रुपयांचा असेल तर ३० पैशांनी काय मोठी बचत होणार? हेच मोठ्या मशीनवर मात्र मोठी बचत ठरते, कारण तिथे टोनर ३० पैसे आणि कागद ६० पैसे आहे.

मग पानं मोजायची. हे सोपं आहे. बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये आजवर छापलेल्या एकूण पानांचा आकडा साठवलेला असतो. मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान काढलं की त्यावर तो दिसतो. आज एक वाचन, महिन्यानं दुसरं, वजाबाकी केली की महिन्याची पानं. विजेच्या मीटरसारखंच. फक्त महिना निवडताना सांभाळा. मार्चअखेरीला कार्यालय कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मार्च 'आधी' आणि मे 'नंतर' धरलात तर काहीही न करता बचत दिसेल. मी एवढी काळजी घेतली होती. जुलैशी जुलै, ऑगस्टशी ऑगस्ट. त्यामुळे माझा आत्मविश्वासही जरा जास्तच होता.

अकरा प्रिंटरचे चार केले. प्रत्येक मजल्यावर व्हरांड्यात एक मोठं मशीन, प्रमुखांकडे एक छोटा, लेखा विभागात एक. बाकीचे गोळा करून स्टोअरमध्ये ठेवले. कार्ट्रिजचे प्रकार सातवरून दोनवर आले. आणि पानांचा मीटर खाली आला, चांगला ठळकपणे. मी आलेख काढला. उतरती रेघ, खाली 'हस्तक्षेप' असं लिहून बाण. खरं सांगते, तो आलेख मी घरीसुद्धा दाखवला होता.

गाईड मॅडमनी तो बघितला आणि एकच विचारलं: "कागद कमी लागला, की तुझ्या मीटरवर दिसेनासा झाला?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी मीटर सोडून माणसांकडे गेले.

आस्थापना विभागात एक ताई आहेत, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेल्या. त्यांच्या टेबलावरचा प्रिंटर मी काढला होता. त्या म्हणाल्या, "अगं, लोकांच्या सेवापुस्तकातली पानं मी व्हरांड्यातल्या मशीनवर सोडून येऊ का? कोणाची चौकशी चालू आहे, कोणाची वेतनवाढ रोखली आहे, ते तिथे जो तो वाचणार. मग मी काय करते, छापायला देते आणि पळत जाते. पोचेपर्यंत कोणीतरी आपल्या कागदात ते उचललेलं असतं." आणखी एक गोष्ट त्यांनी दार लोटून दाखवली. कपाटाच्या मागे एक छोटा इंकजेट होता. दोघींनी मिळून स्वतःच्या पैशांनी आणलेला. "हे लिहू नकोस हं. काढून नेतील."

शिपाई मामांनी वेगळंच सांगितलं. पूर्वी कागद टेबलावरच निघायचा. आता प्रत्येक कागदासाठी हाक येते. दिवसाकाठी वर-खाली किती फेऱ्या होतात ते त्यांनी मला मोजायला लावलं, आणि दुपारपर्यंतच मी मोजणं सोडून दिलं. माझ्या हिशोबात त्या फेऱ्यांना रकानाच नव्हता.

तिसरी गोष्ट मला भिंतीवर दिसली. कागदावर हातानं लिहून चिकटवलेलं: 'फॉर्म बाहेरून आणावा.' पूर्वी विद्यार्थी आला की ताई आपल्या प्रिंटरवरून फॉर्म काढून देत. प्रिंटर गेला, फॉर्म देणं बंद झालं. आता विद्यार्थी रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. म्हणजे खर्च संपला नव्हता. तो कुंपणाबाहेर गेला होता, आणि माझं मोजमाप कुंपणापाशी थांबत होतं.

आपल्या अभ्यासाची सीमा कुठे आखायची, हा प्रश्न संशोधन आराखड्यात एका ओळीत उरकलेला असतो. 'व्याप्ती व मर्यादा' असं शीर्षक देऊन आपण तीन वाक्यं टाकतो. माझ्या पायलटमध्ये सगळा निष्कर्ष त्या तीन वाक्यांत अडकलेला निघाला.

मग मी एकक बदललं. यंत्र हे एकक सोडलं आणि कागदपत्र हे एकक धरलं. एक कामच निवडलं: संशोधक विद्यार्थ्याचं परिषदेच्या प्रवासखर्चाचं बिल. तुमच्यापैकी अनेकांना ते लवकरच भरावं लागेल. एका मुलाची परवानगी घेतली आणि त्याच्या बिलासोबत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत फिरले. फॉर्म दोन पानांचा. पहिल्यांदा चुकला, कारण खाते क्रमांकाची चौकट कुठली हे कळत नाही. २ कागद गेले. पुन्हा काढला, आणखी २. तीन प्रती लागतात, म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स, ४ कागद. ई-तिकिटं आणि नोंदणीची पावती मिळून ३ पानं, तीन प्रतींत ९. हे झाले १७ कागद, सगळे विद्यार्थ्यानं बाहेरून काढलेले. मग कार्यालयात टिपणी. तिच्यात रक्कम चुकली, पुन्हा छापली; २ कागद. नंतर पूर्ण संच स्कॅन करून लेखा विभागाला ई-मेल केला. तिथे फाईलला लावायला तो परत छापला. फॉर्म २, जोडपत्रं ३, टिपणी १, असे ६.

एकूण २५ कागद. प्रत्यक्ष काम सहा पानांचं. आणि कार्यालयाच्या मीटरवर दिसले फक्त ८.

हे एकच बिल आहे, यावरून टक्केवारी काढू नका. एका उदाहरणातून प्रमाण कळत नाही, पण वाट कळते. कुठे पान जन्माला येतं आणि का, हे मीटर कधीच सांगत नाही.

ई-मेलनं पाठवलेलं परत छापणं हा वेडेपणा वाटतो ना? त्यावर चांगलं काम झालेलं आहे. अबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांचं 'द मिथ ऑफ द पेपरलेस ऑफिस' हे पुस्तक जरूर वाचा, एमआयटी प्रेसचं आहे. संस्थेत ई-मेल आल्यावर कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढला, असं त्यांनी नोंदवलं आहे. आणि त्यांनी लोकांना हट्टी ठरवलं नाही. माणसं कागदाचं नेमकं काय करतात ते त्यांनी शेजारी बसून पाहिलं. दोन कागद शेजारी ठेवून ताडून बघतात, समासात लिहितात, चाळतात, दुसऱ्याच्या हातात देताना चार शब्द बोलतात. लेखा विभागातले गृहस्थ मला हेच म्हणाले: "स्क्रीनवर तिकीट आणि फॉर्म एकाच वेळी दिसत नाही हो. रक्कम जुळवायची कशी?" त्यांना कागद वाचवा म्हणून सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्यांना दुसरा मॉनिटर हवा होता.

इथे 'कायद्यानं कागद लागतोच' हेही सतत ऐकू येतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यानं इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना आणि डिजिटल सहीला मान्यता दिली आहे. मृत्युपत्रासारखे काही दस्तऐवज मात्र त्यातून वगळले आहेत. पण सही करून स्कॅन केलेला कागद म्हणजे डिजिटल सही नव्हे, हे अनेकांना माहीत नसतं. त्यामुळे गंमत अशी होते की छापायचं, सही करायची, स्कॅन करायचं, पाठवायचं आणि परत छापायचं, या सगळ्याला लोक 'ऑनलाइन पद्धत' म्हणतात.

तीन प्रती का, हे मी विचारत गेले. एक लेखा विभागाला, एक विभागाला, एक स्थळप्रत. विभागातली प्रत शेवटची कोणी उघडली, याचं उत्तर मिळालं नाही. तीन प्रतींचा नियमही सापडला नाही. सापडलं ते कित्येक वर्षांपूर्वीचं एक परिपत्रक, त्यात 'आवश्यक त्या प्रतींत' एवढंच लिहिलेलं. 'आवश्यक'चं 'तीन' कधीतरी कोणीतरी केलं आणि ते फॉर्मच्या डोक्यावर जाऊन बसलं.

आता ज्यांना प्रयोग करायची आवड आहे त्यांच्यासाठी. योहान एगेबार्क आणि माथियास एकस्ट्रॉम या दोघांनी स्वीडनमधल्या एका विद्यापीठात प्रिंटिंगवरच क्षेत्रीय प्रयोग केला. २०१६ मध्ये 'जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंट'मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन उपाय तपासले. एक, कागद वाचवा असं लोकांना आवाहन करणं. दुसरा, प्रिंटरची मूळ सेटिंग एकपाठीवरून पाठपोटवर नेणं. ज्याला नको तो बदलू शकतो. आवाहनाचा परिणाम दिसला नाही. सेटिंग बदलल्यानं रोजचा कागद १५ टक्क्यांनी घटला.

१५ च का, ५० का नाहीत? पेपर वाचण्याआधी हा प्रश्न स्वतःला घाला, पाच मिनिटं बसा. एका पानाचं पत्र पाठपोट छापून काहीच वाचत नाही. तीन पानांच्या कागदपत्रात तीनाचे दोन होतात. काहीजण आधीपासूनच पाठपोट छापत असतात, आणि काहीजण सेटिंग परत बदलतात. म्हणजे तुमच्या ऑफिसात किती वाचेल हे तुमच्या ऑफिसातली कागदपत्रं किती पानी आहेत त्यावर ठरणार. आमच्याकडे बहुतेक सगळी एकपानी पत्रं. तिथे तो १५ चा आकडा उचलून प्रस्तावात लिहिणं चुकीचं ठरलं असतं. दुसऱ्याच्या अभ्यासातून आकडा आणू नका, यंत्रणा आणा. तो परिणाम कशामुळे घडला ते आपल्या जागी आहे का, हे बघा.

त्या अभ्यासाकडे असलेली आणि माझ्याकडे नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे तुलनेचा गट. माझ्याकडे फक्त 'आधी' आणि 'नंतर' होतं. मी हातात वही घेऊन व्हरांड्यात उभी असताना लोक कमी छापणारच. त्यातला किती भाग यंत्रं हलवल्यामुळे आणि किती माझ्या वहीमुळे, हे मला आजही वेगळं करता येत नाही. दोन मजल्यांपैकी एकावर आधी बदल आणि दुसऱ्यावर दोन महिन्यांनी, एवढं जरी केलं असतं तरी काहीतरी हाती लागलं असतं. खर्च शून्य होता. सुचलं नाही.

आता कपाटामागच्या प्रिंटरचं. ताईंनी विश्वासानं दाखवलं होतं. अहवालात लिहिलं तर तो जाणार, आणि पुन्हा मला कोणी काही सांगणार नाही. लिहिलं नाही तर माझा खोटा आलेख खरा म्हणून प्रमुखांच्या टेबलावर जाणार. संमतीपत्रावर सह्या घेताना हा पेच डोक्यात नसतो. मी दोन दिवस घोळत राहिले. शेवटी ताईंनाच जाऊन विचारलं, की विभाग न सांगता 'खासगी खर्चातून छपाई होते, कारण गोपनीय कागदांची सोय नाही' एवढं लिहू का? त्यांनी मसुदा वाचला, 'खासगी' शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि त्याजागी 'अन्य' लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

अहवालात तो आलेख ठेवला, पण त्याखाली एक तक्ता जोडला: विद्यार्थ्यांकडे गेलेले कागद, मामांच्या फेऱ्या, अन्य छपाई. प्रमुखांना तो आवडला नाही हे स्पष्ट दिसत होतं. पण पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर न सोडण्याची सोय व्हरांड्यातल्या मशीनमध्ये आधीपासूनच होती, फक्त कोणी सुरू केली नव्हती. ती एका दुपारी सुरू झाली. सेवापुस्तकाची पानं आता ताई मशीनपाशी उभ्या राहिल्यावरच निघतात. लेखा विभागाला दुसरा मॉनिटर मिळाला, स्टोअरमध्येच पडून होता. फॉर्मवर खाते क्रमांकाची चौकट मोठी केली आणि तो संगणकावरच भरता येईल असा करून दिला.

तीन प्रतींचं मात्र अजून तसंच आहे. एक प्रत पुरे, असं सुचवणारं पत्र मी रीतसर दिलं आहे. आवक विभागात गेले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, एकच आणलंत? तीन लागतील." समोरच्या दुकानात जाऊन काढून आणल्या.